देवळालीची शाळा आणि घटनेचे एकोणतिसावे कलम

देवळाली म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे लष्कराची छावणी, तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आणि मुंबईहून हवापालटासाठी येणाऱ्यांची आरोग्यधामे उभी राहतात. राज्यघटनेच्या अभ्यासकाला मात्र या गावावरून एक खटला आठवतो. 'मुंबई राज्य विरुद्ध बॉम्बे एज्युकेशन सोसायटी' या नावाने तो कायद्याच्या ग्रंथांत नोंदलेला आहे. आपल्या घरांत त्याची वाच्यता क्वचितच होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही सोसायटी १८१५ साली मुंबईत स्थापन झाली. आर्चडीकन जॉर्ज बार्न्स हे तिचे प्रवर्तक. संस्था अँग्लिकन परंपरेतली, म्हणजे रूढ अर्थाने 'आपली' नव्हे. युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांचे शिक्षण हा तिचा मूळ हेतू. देवळालीचे बार्न्स हायस्कूल १९२५ साली सुरू झाले आणि प्रारंभापासून तेथे माध्यम इंग्रजी होते. स्वातंत्र्यानंतर शाळेचे रूप पालटले. १९५३ च्या अखेरीस तेथील सुमारे चारशे विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्मे इतर भारतीय समाजांतले होते. शाळेला सरकारी अनुदानही मिळत होते.

६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने आदेश काढला: इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत यापुढे अँग्लो-इंडियन व बिगर-आशियाई वंशाचे नागरिक यांच्याच मुलांना प्रवेश द्यावा. या आदेशामागील हेतू दुष्ट होता असे म्हणवत नाही. परक्या भाषेचे ओझे उतरावे, देशी भाषांना ज्ञानभाषेचे स्थान मिळावे, ही इच्छा मराठीवर प्रेम करणाऱ्या कोणालाही पटावी. प्रस्तुत लेखकालाही ती पटते. पण भाषेची सेवा दारे उघडून करता येते, तशी ती दारे लावून करता येते काय?

आदेशाचा फटका कोणाला बसला ते पाहण्यासारखे आहे. एक होते भारतीय ख्रिस्ती समाजातील मेजर. त्यांच्या घरात इंग्रजीच बोलली जाई, पण ते अँग्लो-इंडियन नव्हते. सबब त्यांच्या मुलीला प्रवेश नाही. दुसरे होते गुजराती मातृभाषेचे एक हिंदू डॉक्टर. त्यांच्या मुलालाही तेच उत्तर. शाळेने आदेशाकडे बोट दाखवून नकार दिला खरा, परंतु न्यायालयाच्या पायरीवर शाळा आणि पालक एकाच बाजूला उभे राहिले. उच्च न्यायालयात सोसायटीचा व पालकांचे मिळून तीन अर्ज दाखल झाले. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने १५ फेब्रुवारीला आदेश रद्द केला. सरकारने अपील केले आणि २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. आदेशापासून अंतिम निकालापर्यंत पुरते पाच महिनेही लागले नाहीत! आजच्या पक्षकाराला हे नवल वाटेल.

सरकारचे म्हणणे असे की, घटनेचे कलम २९(२) अल्पसंख्याकांसाठी आहे, इतरांना त्याचा आधार नाही. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती सुधी रंजन दास यांनी हे मानले नाही. कलमात 'कोणत्याही नागरिकाला' असे शब्द आहेत, आणि त्यांत सर्व नागरिक आले. अनुदानित शाळेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. सरकारचा अंतिम हेतू चांगला असला, तरी ज्या कारणाने मूल दाराबाहेर राहिले ते कारणच तपासले जाईल, असा त्यांचा निर्वाळा. शिवाय कलम ३३७ अन्वये अँग्लो-इंडियन शाळांनी विशेष अनुदानाच्या बदल्यात दरवर्षी किमान ४० टक्के प्रवेश इतर समाजांसाठी खुले ठेवायचे होते. एका हाताने घटना जी अट घालते, ती पाळणे दुसऱ्या हाताने सरकार अशक्य करत होते.

हे कलम आपल्यालाही बांधते, याचा विसर पडू नये. अनुदान घेणाऱ्या ख्रिस्ती शाळेपुढे परधर्मीय पालक उभा राहतो, तेव्हा तोही देवळालीच्या त्या डॉक्टरांचाच वारसदार असतो.

तरुण नानी पालखीवालांनी सर्वोच्च न्यायालयात लढविलेला हा पहिला खटला मानला जातो. पुढे बँक राष्ट्रीयीकरण (१९७०) आणि केशवानंद भारती (१९७३) या खटल्यांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. यांतला दुसरा एका मठाधिपतींनी मठाच्या जमिनीवरून सुरू केला होता. मालमत्तेचा हक्क मात्र मूलभूत हक्कांत टिकला नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो तेथून वगळला गेला आणि कलम ३००-क खाली साधा घटनात्मक हक्क म्हणून उरला. त्याच दुरुस्तीने कलम ३० मध्ये एक पोटकलमही घातले: अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थेची मालमत्ता सक्तीने संपादन करताना ठरविलेली रक्कम इतकी तुटपुंजी नसावी की संस्था चालविण्याचा हक्कच संपुष्टात यावा. अशा संपादनासाठी स्वतंत्र, विशिष्ट कायदा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सेंट जोसेफ्स कॉलेजच्या खटल्यात म्हटले. रस्तारुंदीकरणाची नोटीस शाळेच्या कुंपणावर लागते, तेव्हा हे पोटकलम ठाऊक असलेले विश्वस्त विरळाच आढळतात; आणि पुष्कळदा सातबारा उताऱ्यावर दिवंगत धर्मगुरूंचेच नाव तसेच राहिलेले असते.