गिट आणि कामांची यादी जोडणारं 'जीएच' टूल: मोबाईलवर कसं वापरायचं?

मी शिरूर अनंतपाळचा. लातूरला शिकणारा एक मित्र आणि मी मिळून छोटं वेबपेज केलं होतं. सोयाबीनचं वजन आणि भाव टाकला की हमाली-तोलाई वजा जाऊन हातात किती पडतील ते दाखवायचं. कामांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर. एका रात्री त्यानं लिहिलं, "झालं." मला वाटलं, हमालीची चूक दुरुस्त झाली. त्यानं बदलला होता बटणाचा रंग! शेजारचे काका आमचा आकडा धरून मोंढ्यात गेले आणि पट्टी कमी आली म्हणून आडत्याशी भांडून आले. चूक आमची होती.

तेव्हापासून आम्ही जीएच वापरतो.

गिट आणि इश्यू म्हणजे काय?

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी बनवलं. प्रत्येक नोंदीला कमिट म्हणतात. गिटहब ही तो कोड ऑनलाइन ठेवायची जागा. तिथे कामांची यादीही ठेवता येते. त्यातल्या एका कामाला इश्यू म्हणतात आणि प्रत्येक इश्यूला नंबर मिळतो.

काय बदललं ते कमिट सांगतं, का बदललं ते इश्यू सांगतो. दोन्ही एकाच टर्मिनलमधून हाताळता यावेत म्हणून गिटहबने २०२० मध्ये जीएच हे मोफत टूल आणलं.

इन्स्टॉल कसं करायचं?

अँड्रॉइडवर एफ-ड्रॉइडमधून टर्मक्स घ्या. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाका.

१. पीकेजी इन्स्टॉल गिट जीएच
२. जीएच ऑथ लॉगिन

दुसऱ्या आज्ञेनंतर एक कोड दिसतो, तो ब्राउझरमध्ये टाकायचा. हा कोड ओटीपीसारखाच, कुणालाही सांगू नका.

काम कसं चालतं?

आधी 'जीएच रेपो क्लोन' आणि पुढे प्रोजेक्टचं नाव टाकून कोड फोनवर उतरवा. मग त्या फोल्डरमध्ये जाऊन:

१. जीएच इश्यू क्रिएट: नवीन काम नोंदवा. समजा नंबर ७ मिळाला.
२. जीएच इश्यू डेव्हलप ७ --चेकआउट: या कामासाठी कोडची वेगळी ब्रँच तयार होते आणि इश्यूला जोडली जाते.
३. कोड दुरुस्त करा, मग गिट कमिट -एएम "हमाली वजा केली. फिक्सेस #७". मजकूर मराठीत चालतो, पण 'फिक्सेस' आणि नंबर इंग्रजीत हवा.
४. गिट पुश, मग जीएच पीआर क्रिएट. पीआर म्हणजे हा बदल मुख्य कोडमध्ये घ्या, अशी विनंती.

मित्रानं बदल तपासून मर्ज केला की इश्यू ७ आपोआप बंद होतो. 'जीएच इश्यू लिस्ट' टाकलं की फक्त उरलेली कामं दिसतात. "हमालीचं तू बघतोस की मी?" हे विचारायची गरजच उरत नाही.

लक्षात ठेवा

- रेंज नसली तरी कमिट होतं. पुश आणि इश्यूसाठी मात्र नेट लागतं.
- एका कमिटमध्ये एकच काम ठेवा.
- इश्यू बंद झाला म्हणजे चूक सुटलीच असं नाही. 'फिक्सेस' लिहिलेला बदल मर्ज झाला की गिटहब इश्यू बंद करतं, हिशेब तपासत नाही. आम्ही आता जुनी पट्टी समोर ठेवून आकडा जुळवतो, मगच मर्ज करतो.