शेळ्यांमधील खरूज, उवा आणि गजकर्ण : ओळख व उपचार

शेळीचे केस गळू लागले की बरेच पशुपालक थेट खरजेचे इंजेक्शन देतात. मात्र रोग बुरशीचा असेल तर त्या इंजेक्शनचा काहीही उपयोग होत नाही. खर्च वाया जातो आणि रोग कळपात पसरतो. म्हणून आधी रोग ओळखा.

लक्षणे
- खरूज (सूक्ष्म परजीवी) : सुरुवात बहुधा नाक, डोळे व कानांभोवती होते. प्रचंड खाज सुटते, शेळी अंग भिंतीला घासते. कातडी जाड व सुरकुतलेली होते, खपल्या धरतात.
- उवा : केस बाजूला करून पाहिल्यास उवा व लिखा डोळ्यांना दिसतात. करडे अशक्त होतात.
- गजकर्ण (बुरशी) : डोके, कान, मानेवर गोल, राखाडी खपलीचे चट्टे पडतात. केस मुळाशी तुटतात. खाज कमी असते.

खाज नसताना कातडी जाड झाली असेल तर जस्ताची कमतरताही असू शकते.

तपासणी
चट्ट्याच्या कडेची कातडी किंचित रक्त येईपर्यंत खरवडून नमुना घेतात. बुरशीची शंका असल्यास कडेचे केस उपटून कागदी पाकिटात द्यावेत. हे काम पशुवैद्यकाकडूनच करून घ्या.

उपचार
- खरूज : आयव्हरमेक्टिन १ टक्का, ५० किलो वजनास १ मिली, कातडीखाली. म्हणजे २५ किलोच्या शेळीला अर्धा मिली. अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून १० ते १४ दिवसांनी पुन्हा द्यावे. गाभण व दुभत्या शेळीसाठी आधी पशुवैद्यकांना विचारा. उपचारानंतर दूध व मांस किती दिवस वापरू नये हेही समजून घ्या.
- उवा : चावणाऱ्या उवांवर इंजेक्शन पुरेसे पडत नाही. शिफारशीचे औषध लेबलवरील प्रमाणात अंगावर लावा व दोन आठवड्यांनी पुन्हा लावा. त्याआधी शेळ्यांना पाणी पाजा, म्हणजे त्या औषधी पाणी पिणार नाहीत.
- गजकर्ण : खपल्या मऊ करून काढा व जाळा. टिंक्चर आयोडीन किंवा बुरशीनाशक मलम लावा.

जळके ऑइल लावू नका. त्याने कातडी भाजते व विषबाधा होऊ शकते.

काळजी
खरूज व उवांसाठी सर्व शेळ्यांवर एकाच दिवशी उपचार करा. बाधित शेळी वेगळी बांधा, गोठा स्वच्छ व कोरडा ठेवा. नवीन शेळी तीन आठवडे वेगळी ठेवूनच कळपात सोडा. गजकर्ण व खरूज माणसालाही होते. हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा.