पीएच.डी.आधी शिकलेले वाया जाते?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत, नोकरी करून पीएच.डी. करू पाहणाऱ्या इंजिनिअरला एक सल्ला हमखास मिळतो : आधी पदव्युत्तर विषय शिकत बसू नका, थेट नोंदणी करा. सल्ला देणारे अडाणी नाहीत. त्यांची बाजू अशी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीने चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असलेल्यांना पीएच.डी.चे दार उघडले. प्रवेशानंतर कोर्सवर्क आहेच. शिवाय दहा वर्षे शॉपफ्लोअरवर काढलेल्याला विषय वेगळा कशाला शिकवायचा?

शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार, म्हणून आधी तोच घेतो. प्रेस शॉपमध्ये जास्त ताकदीच्या पोलादाचा पत्रा डायमधून सुटला की किंचित मागे उसळतो. हाच स्प्रिंगबॅक. मुरलेला टूलरूमवाला पार्ट हातात घेऊन डाय कुठे घासायची ते सांगतो आणि दोन-चार ट्रायलमध्ये पार्ट मापात येतो. हे ज्ञान अस्सल आहे. पण त्याच पार्टच्या संगणकावरील सिम्युलेशनचा आकडा प्रत्यक्षाशी का जुळला नाही? पत्रा डायच्या गोलाईवरून सरकताना वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. भार असा उलटला की धातू अपेक्षेपेक्षा लवकर नमतो. याला बाउशिंगर परिणाम म्हणतात. तो हिशेबात न घेणारे मॉडेल निवडले तर स्प्रिंगबॅकचे उत्तर चुकू शकते. प्लॅस्टिसिटी रीतसर शिकल्याशिवाय ही चूक नेमकी कुठे शोधायची हेच कळत नाही. आणि पीएच.डी. त्या शोधासाठीच असते.

आता कोर्सवर्क. किमान १२ क्रेडिट्स, आणि त्यातच संशोधनपद्धती व संशोधन-प्रकाशन नीती हे दोन विषय बसवायचे. उरलेल्यात पदवीनंतर दहा वर्षे न उघडलेले गणित, मेकॅनिक्स, फायनाइट एलिमेंट पद्धत भरून निघेल? कोर्सवर्कमध्ये ५५ टक्के मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ते वेगळेच.

नियमाच्या आधाराबद्दल फार लिहायला नको. पात्रता म्हणजे तयारी नव्हे. ज्याचे एम.टेक. नुकतेच, त्याच विषयात झाले आहे, त्याला नोंदणीआधी विषय शिकण्याचा माझा आग्रह लागू नाही, हेही मान्य.

राहिला वेळ. अर्धवेळ पीएच.डी.साठी कंपनीचे ना-हरकत पत्र लागते. गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळे करू, अशी हमीही त्यात द्यावी लागते. प्रॉडक्शन सांभाळणारा कोणता मॅनेजर त्यावर आनंदाने सही करील? नोंदणीआधी एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावरचा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम मात्र सेकंड शिफ्टवाल्यालाही सकाळी घरबसल्या करता येतो. शिकणे मोफत, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला हजारेक रुपये. तिला ७५ टक्के वजन, असाइनमेंट्सना २५.

आणि समजा चौथ्या आठवड्यातच उमगले की या विषयात आपले मन रमत नाही. तेव्हा थांबणाऱ्याचा महिना जातो. नोंदणीनंतर चौथ्या वर्षी थांबणाऱ्याचे काय काय जाते, याचा हिशेब थेट नोंदणीचा सल्ला देणाऱ्यांनी एकदा मांडून दाखवावा.