मंजुरी प्रलंबित

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात गोरेगाव आहे. राज्याला हे नाव ऐकू आले ते २०२३ च्या नोव्हेंबरात. इथल्या दहा शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आपली किडनी, लिव्हर आणि डोळे विकायला काढल्याचे सरकारला कळवले होते. बातमी वाचून मुंबईतले गोरेगाव डोळ्यांपुढे आलेलेही बरेच असतील. या गोरेगावाला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. तिथे चोरीची किंवा मारामारीची फिर्याद नोंदली की पुढची वाट ठरलेली असते. पंचनामा होतो, जबाब होतात, दोषारोपपत्र तयार होते आणि प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जाते. शेतकऱ्यावर खटला भरायला वरच्या कोणाची मंजुरी लागत नाही.

आरोपी सरकारी खुर्चीवरचा असला की या वाटेत एक कागद आडवा येतो. सरकारी भाषेत त्याला अभियोग मंजुरी म्हणतात. त्या खुर्चीवरून माणसाला खाली उतरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याने ‘याच्यावर खटला चालवा’ असे लेखी दिल्याशिवाय न्यायालय आरोपांची दखलच घेऊ शकत नाही. न्यायाधीश कितीही स्वतंत्र बाण्याचा असो, फाइल टेबलावर आली नाही तर तो बाणा वापरणार कशावर? न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्यावर आपल्याकडे बोलणे होते ते नेमणुका, बदल्या आणि निवृत्तीनंतरची पदे यांवर. दाराशीच अडणारा हा कागद त्या चर्चेत क्वचितच येतो.

मराठीत या विषयाची सुरुवात रामशास्त्री प्रभुण्यांपासून करायची रीत आहे. ती मोडतो. रामशास्त्र्यांची गोष्ट एका माणसाच्या ताठ कण्याची आहे, आणि इथे शोध घ्यायचा आहे तो यंत्रणेचा. त्यासाठी पुण्यातलेच पण शंभरेक वर्षांनंतरचे प्रकरण जास्त उपयोगी पडते.

आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, ज्यांच्या नावाचे मार्केट आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखले जाते. पुढे ते पुण्यात मध्य विभागाचे कमिशनर झाले आणि १८८८ मध्ये त्यांच्यावर मामलेदारांकडून बढत्या-बदल्यांसाठी पैसे घेतल्याचा आरोप आला. पैसे गोळा करणारा त्यांचा मध्यस्थ हनमंतराव फौजदारी न्यायालयात उभा राहिला आणि शिक्षा भोगायला गेला. साहेबांसाठी मात्र १८५० च्या कायद्याखाली चौकशी आयोग बसला. लाचेच्या आरोपांतून आयोगाने त्यांना मोकळे केले. हाताखालच्या लोकांकडून कर्जे उचलल्याचा ठपका राहिला आणि नोकरी गेली. साक्ष देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिले होते. ते मोडण्याची चिन्हे दिसताच टिळकांनी त्यांची बाजू उचलली, आणि १८८९ मध्ये त्या मामलेदारांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा करावा लागला. गुन्हा एकच, दारे दोन. वरच्यासाठी वेगळे दार ठेवायचे ही रीत इथे उघड दिसते.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ मध्ये हीच रीत नेमक्या शब्दांत आहे. न्यायाधीश आणि सरकारच्या मंजुरीशिवाय ज्याला पदावरून काढता येत नाही असा सरकारी नोकर, यांच्यावर कामाच्या ओघात केलेल्या कृत्यासाठी खटला भरायचा तर आधी सरकारची मंजुरी हवी. म्हणजे संरक्षण होते ते वरच्या अधिकाऱ्यांना. ज्याला त्याचा साहेबच घरी पाठवू शकतो अशा शिपाई-कारकुनाला या कलमात जागा नव्हती.

गोरेगावात हे कलम तेव्हा लागू नव्हते. हा मुलूख निजामाचा. सेनगाव तालुक्याला लागून असलेल्या वाशीमकडे, वऱ्हाडात, इंग्रजांचा अंमल. इकडे हैदराबादचे फर्मान. आणि गंमत अशी की १९२१-२२ च्या सुमारास निजामाने महसुली अंमलदारांच्या हातातले न्यायाचे काम काढून वेगळ्या न्यायाधिकाऱ्यांकडे दिले. मुंबई इलाख्यात मामलेदार त्या काळी सारा वसूल करत आणि मॅजिस्ट्रेट म्हणूनही बसत. तिथे ही फारकत करणारा कायदा १९५१ मध्ये झाला आणि अमलात यायला १९५३ उजाडले. स्वतः निजाम कोणत्याच न्यायालयाला बांधील नव्हता, हे सोडले तर मराठवाडा या बाबतीत मुंबईच्या तीस वर्षे पुढे होता. पोलीस कारवाईनंतर, १९५१ मध्ये, भारताचे फौजदारी कायदे हैदराबाद राज्यालाही लागू झाले आणि त्यांच्याबरोबर मंजुरीचा कागद गोरेगावात आला.

तोवर त्या कागदाची व्याप्ती वाढली होती. दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग, परवाने आणि लष्करी कंत्राटे यांतून लाचखोरी माजली, म्हणून १९४७ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या कलम ६ ने मंजुरीची छत्री तलाठ्यापासून सचिवापर्यंत सगळ्यांवर धरली. यामागचे कारण खोटे नव्हते. सातबाऱ्यावर एक नोंद फिरवली की तलाठ्याला एक तरी शत्रू तयार होतो. त्या शत्रूने रोज उठून फौजदारी ठोकली तर कोणी सही करायला धजणार नाही. मंजुरीची कल्पना मला चुकीची वाटत नाही. ती द्यायची कोणी, हा खरा प्रश्न.

त्या प्रश्नाचा सर्वांत मोठा कस महाराष्ट्रातच लागला. अब्दुल रहमान अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. खेड्यापाड्यांत आजही ‘निराधारचे पैसे’ म्हणून ओळखली जाणारी संजय गांधी निराधार योजना त्यांचीच. सिमेंट तेव्हा नियंत्रणाखाली होते, पोत्यापोत्याला परवाना लागे. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला देणग्या देणाऱ्या बिल्डरांना सिमेंटचा कोटा मिळतो, असा आरोप ३१ ऑगस्ट १९८१ रोजी अरुण शौरींनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मधून केला. दुसऱ्याच दिवशी भाजपचे रामदास नायक यांनी राज्यपालांकडे खटल्याची मंजुरी मागितली. ती हातात नसताना दाखल केलेली त्यांची फिर्याद मॅजिस्ट्रेटने ठेवून घेतली नाही. दरम्यान प. बा. सामंत यांच्या याचिकेवर न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध जोडणारा निकाल दिला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला.

राजीनामा झाला, पण मंजुरीचे घोडे अडलेलेच होते. राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे, हा घटनेचा नियम. मग मुख्यमंत्र्यावर खटला भरायचा की नाही, हा सल्ला त्याचेच मंत्रिमंडळ देणार? २८ जुलै १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा पेच सोडवला: अशा प्रसंगी राज्यपालाने स्वतःच्या विवेकाने ठरवावे. राज्यपाल ओम प्रकाश मेहरा यांनी त्याच दिवशी मंजुरीवर सही केली. मेहरा हवाई दलाचे माजी प्रमुख होते. या सबंध इतिहासात एका दिवसात निघालेला मंजुरीचा दुसरा कागद मला माहीत नाही.

खटला उभा राहिला तर विशेष न्यायाधीश आर. बी. सुळे यांनी जुलै १९८३ मध्ये वेगळाच मुद्दा मान्य केला. अंतुले मुख्यमंत्री नसले तरी आमदार आहेत, आमदार हा लोकसेवक आहे, तेव्हा त्या पदासाठीची मंजुरी कुठे आहे? आरोपी मोकळा. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा निकाल उलटवला. ज्या पदाचा गैरवापर झाला म्हणता, ते पद सुटले की मंजुरीची गरजही सुटली, असे न्यायालय म्हणाले. खटला लवकर चालावा म्हणून तो थेट उच्च न्यायालयाकडे पाठवण्यात आला. आणि हीच घाई पुढे अंगाशी आली. विशेष न्यायाधीशापुढे चालायचा खटला परस्पर उच्च न्यायालयात नेल्याने आरोपीचा अपिलाचा हक्क गेला, असे सात न्यायमूर्तींच्या पीठाने २९ एप्रिल १९८८ रोजी बहुमताने ठरवले आणि प्रकरण पुन्हा खाली गेले. राज्यपालांच्या सहीला तोवर पावणेसहा वर्षे होत आली होती. अंतुले पुढे केंद्रात दोनदा मंत्री झाले.

दिल्लीत याच सुमारास आणखी आधीच्या पायरीवर कुलूप होते. १९६९ पासून चालत आलेल्या एका सरकारी आदेशानुसार सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्याची चौकशी सुरू करायलासुद्धा सीबीआयला सरकारची परवानगी लागे. जैन हवाला प्रकरणात, विनीत नारायण खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये तो आदेश रद्द केला. संसदेने २००३ मध्ये तोच मजकूर कायद्यात कलम ६-अ म्हणून घातला. न्यायालयाने मे २०१४ मध्ये तेही रद्द केले: भ्रष्टाचाराच्या चौकशीत वरचा अधिकारी आणि खालचा अधिकारी असा भेद करता येणार नाही. क्रॉफर्ड आणि हनमंतराव यांच्यातले अंतर मोजायला सव्वाशे वर्षे लागली म्हणायची.

मराठवाड्याला मंजुरीची ओळख झाली ती शेजारच्या नांदेडमुळे. कुलाब्यातल्या ‘आदर्श’ सोसायटीच्या ३१ मजली इमारतीवरून नांदेडच्या अशोक चव्हाणांचे मुख्यमंत्रिपद नोव्हेंबर २०१० मध्ये गेले. सीबीआयने २०१२ मध्ये दोषारोपपत्र दाखल केले. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी त्यांच्यावरील खटल्याला मंजुरी नाकारली. तेव्हा केंद्रात आणि राज्यात काँग्रेसचे सरकार होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी ती दिली. तेव्हा दोन्हीकडे भाजपचे सरकार होते. नकारानंतर असा कोणता नवा पुरावा हाती आला, हे मुंबई उच्च न्यायालयाला पटले नाही, आणि २२ डिसेंबर २०१७ रोजी ती मंजुरी रद्द झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये चव्हाण भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर निवडून आले. चव्हाण दोषी की निर्दोष हे साक्षीपुराव्यावर ठरायला हवे होते, त्यांच्यासाठीही आणि आपल्यासाठीही. तिथवर प्रकरण पोचलेच नाही. राज्यपालाचा ‘स्वतःचा विवेक’ १९८२ मध्ये न्यायालयाने मोठ्या विश्वासाने सोपवला होता. राजभवनातला माणूस बदलला की तो कसा बदलतो, हे इथे दिसले.

सीबीआय राज्यात येणार की नाही, हाही एक कागदच. महाराष्ट्राने सीबीआयला दिलेली सर्वसाधारण संमती ऑक्टोबर २०२० मध्ये ठाकरे सरकारने काढून घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये शिंदे सरकारने परत दिली. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांच्या प्रकरणात एप्रिल २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने थेट आदेश दिला म्हणून सीबीआयला या संमतीवाचून चौकशी करता आली.

न्यायालयाने पाडलेली भिंत कायदेमंडळाने पुन्हा बांधायची, हा क्रम २०१८ मध्ये पूर्ण झाला. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या दुरुस्तीने पद सुटलेल्यांनाही मंजुरीचे संरक्षण दिले, म्हणजे अंतुले निकालातली १९८४ ची वाट बुजली. शिवाय कलम १७-अ आले: लोकसेवकाने घेतलेल्या निर्णयाबद्दल किंवा केलेल्या शिफारशीबद्दल चौकशी करायची तर आधी परवानगी. या कलमात एक अपवाद आहे. लाच घेताना जागच्या जागी पकडलेल्याला ते लागू नाही.

हा अपवाद गोरेगावच्या अंतरावरून पाहावा. एखाद्या तलाठ्याने फेरफारासाठी पैसे मागितले तर तक्रार १०६४ वर, नांदेड परिक्षेत्राच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जाते. पंचांसमोर मागणीची पडताळणी होते. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावतात. तलाठ्याने नोटा खिशात घातल्या की खुणेसरशी पथक आत शिरते, त्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात आणि पाणी गुलाबी होते. त्या बाटलीला सील लागते. याला सापळा म्हणतात आणि त्याआधी कोणाची परवानगी लागत नाही. कोट्यवधींचे कंत्राट कोणाला द्यायचे याच्या फाइलवर सही करणाऱ्याची बोटे पाण्यात बुडवून काही दिसत नाही. त्याचा सगळा मामला ‘निर्णय’ आणि ‘शिफारस’ यांतला, आणि नेमके तेच १७-अ च्या छत्रीखाली. २०१४ चा निकाल मोठ्या-लहान पदांचा भेद मोडू पाहत होता. २०१८ च्या दुरुस्तीने पदाचे नाव न घेता तो परत आणला.

राज्यातही वेगळे घडलेले नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत राज्याने केलेल्या, २०१६ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने लोकसेवकाविरुद्ध पोलीस तपासाचा आदेश द्यायलाही मॅजिस्ट्रेटला मंजुरीची वाट पाहायला लावली, मुदत ९० दिवस. लोकायुक्ताची संस्था देशात प्रथम १९७२ मध्ये सुरू करणारे राज्य महाराष्ट्रच. अण्णा हजारेंच्या मागणीवरून आलेल्या नव्या लोकायुक्त विधेयकात मुख्यमंत्र्यालाही चौकशीच्या कक्षेत आणले गेले. त्यासाठीची अट: विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी किमान दोन तृतीयांशांची संमती. २८८ पैकी १९२. मुख्यमंत्री मुळात त्या पदावर असतो तो सभागृहात त्याच्याकडे बहुमत असते म्हणून.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये मंजुरीचा निर्णय १२० दिवसांत झाला नाही तर ती दिली असे धरले जाते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ मध्ये तीन महिने आणि फार तर आणखी एक महिना अशी मुदत आहे, पण ती उलटली तर मंजुरी आपोआप मिळाली असे म्हणणारे वाक्य त्यात नाही. त्यामुळे तुमच्या गावात सापळा झाला असेल तर गुलाबी पाण्याच्या फोटोवर थांबू नका. चार महिन्यांनी माहितीच्या अधिकारातला दहा रुपयांचा अर्ज मंजुरी देणाऱ्या कार्यालयाकडे टाका आणि तीनच गोष्टी विचारा: प्रस्ताव कोणत्या तारखेला आला, त्यावर निर्णय कोणत्या तारखेला झाला, आणि झाला नसेल तर फाइल आज कोणाच्या टेबलावर आहे.