यवतमाळ जिल्हा : प्रारंभिक वसाहती व राज्ये

विदर्भातील वर्धा व पैनगंगा या नद्यांमधील प्रदेशाचा लोहयुगापासून मोगलपूर्व काळापर्यंतचा इतिहास. सोळाव्या शतकापर्यंत या भूभागाची स्वतंत्र प्रशासकीय ओळख दिसत नाही. म्हणून शेजारच्या राजधान्यांच्या अनुषंगानेच तो पाहावा लागतो.

वसाहती : बाभूळगाव तालुक्यातील पाचखेड येथे नागपूर विद्यापीठाने केलेल्या उत्खननात लोहयुगीन व सातवाहनकालीन थर उघड झाले. लोखंडी वस्तू, खापरे, दगडी व मातीचे मणी आणि चुनखडीची जमीन असलेल्या वर्तुळाकार घराचे अवशेष मिळाले. सर्वांत खालच्या वस्तीचा काळ सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा सांगतात. टेकाडाच्या माथ्यावर निजामकालीन टेहळणीचा बुरूज होता. एकाच टेकाडावर इतक्या कालखंडांतील वस्त्या आढळल्याने जिल्ह्याच्या कालक्रमासाठी हे स्थळ आधारभूत ठरते.

वाकाटक : वाकाटकांची ज्येष्ठ शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून, तर दुसरी वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमहून राज्य करी. जिल्हा या दोहोंच्या मध्ये येतो. सीमा नेमकी कोठून जात होती याविषयी एकमत नाही. वत्सगुल्म शाखेच्या देवसेनाच्या काळातील हिस्से बोराळा (जि. वाशीम) शिलालेखात शके ३८० (इ. स. ४५८) असा स्पष्ट काळ दिला आहे. वाकाटकांचे अन्य लेख राज्यवर्षांनीच कालमापन करीत असल्याने त्याचे मोल मोठे आहे. लेखात सुदर्शन नावाच्या तलावाचा उल्लेख आहे.

राष्ट्रकूट : अचलपूर शाखेची सत्ता उत्तरेकडे होती. तिसऱ्या गोविंदाचा वणी ताम्रपट नाशिक जिल्ह्यातील वणीचा आहे; यवतमाळच्या वणीशी त्याचा संबंध नाही.

डोंगरगाव शिलालेख : पुसद तालुक्यातील हा संस्कृत लेख शके १०३४ (इ. स. १११२) मधील असून वा. वि. मिराशी यांनी तो संपादित केला. जिल्ह्याच्या मध्ययुगीन इतिहासाचे हे सर्वांत महत्त्वाचे साधन होय. भोज परमाराच्या मृत्यूनंतर तीन शत्रूंच्या आक्रमणात बुडालेली माळव्याची भूमी उदयादित्याने वर काढली, असे त्यात म्हटले आहे. उदयादित्याला इथे भोजाचा भाऊ म्हटले आहे. त्यांच्या नात्याविषयी पूर्वी बराच वाद होता. उदयादित्याला पुत्र असतानाही शिवकृपेने जगद्देव हा आणखी एक पुत्र झाला. राज्यलक्ष्मी चालून आली, पण थोरल्या भावाच्या आधी राज्य घेण्याचा दोष नको म्हणून त्याने ती नाकारली आणि तो कुंतलाधिपतीकडे गेला. हा राजा म्हणजे कल्याणीचा चालुक्य सहावा विक्रमादित्य. त्याने जगद्देवाला आपल्या पुत्रांत अग्रस्थान दिले. राज्यत्यागाचे हे कारण दरबारी कवीने दिलेले असल्याने ते जपूनच घ्यावे. मात्र बाराव्या शतकाच्या आरंभी पुसदचा परिसर चालुक्यांच्या अंमलाखाली होता व तेथे परमार राजपुत्र अधिकार चालवीत होता, एवढे यावरून निश्चित होते. श्रीनिवास नावाच्या ब्राह्मणास डोंगरग्राम दान दिल्याची नोंद, हा लेखाचा मूळ हेतू. जगद्देवाशी संबंधित दुसरा लेख पैनगंगेपलीकडे जैनद (आदिलाबाद, तेलंगण) येथे आहे.

यादव : लोहारा येथील कमलेश्वर व तपोना येथील मंदिर ही यादवकालीन हेमाडपंती शैलीची उदाहरणे.

गोंड : चांद्याच्या गोंड राजांचा अंमल वर्धेच्या पश्चिमेस वणी, केळापूरपर्यंत पोहोचला होता. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेल्यावर ‘आईन-इ-अकबरी’त कळंब हे सरकार म्हणून नोंदले गेले, त्यातील काही महाल चांद्याच्या राजाकडेच राहिले. पैनगंगेकाठचा भाग माहूर सरकारात होता.