दोनशे जहाजांचे कर्ज

माझी नोकरी हिशेब तपासण्याची. त्यामुळे युद्धाचा इतिहास वाचतानाही सेनापतीच्या आधी मी पैसा कुणी घातला ते शोधतो. सिसिलीसाठी रोम आणि कार्थेज २३ वर्षे लढले. त्यातले इ.स.पू. २४१ हे वर्ष मला म्हणूनच सर्वांत मोलाचे वाटते.

तोवर रोमची आरमारे एकामागून एक बुडाली होती. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो, की २५५च्या वादळात सिसिलीतल्या कामारिनाजवळ ३६४ पैकी फक्त ८० जहाजे वाचली. २४९ मध्ये सिसिलीतल्याच द्रेपानाला आणखी ९३ जहाजे कार्थेजने पकडली. खजिन्यात खडखडाट होता. तेव्हा सधन नागरिक पुढे आले. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे एकट्याने, नाहीतर दोघा-तिघांनी मिळून एक जहाज बांधून द्यायचे आणि मोहीम फळाला आली तरच पैसे परत घ्यायचे, असे ठरले. तारण काहीही नव्हते! अशी २०० जहाजे उभी राहिली. आराखडा घेतला तो शत्रूच्याच, पकडून आणलेल्या एका चपळ जहाजावरून. पैसा देणाऱ्यांची नावे पॉलिबियस देत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

रोमन पुन्हा समुद्रावर येतील, असे कार्थेजला वाटलेच नव्हते. त्यांनी घाईघाईने नवखे खलाशी भरले आणि धान्याने लादलेली जहाजे सेनापती हॅन्नोबरोबर सिसिलीकडे धाडली. रोमचा कॉन्सुल लुटाटियस काटुलस आपल्या वल्हेकऱ्यांकडून रोज सराव करून घेत होता. १० मार्चला वारा शत्रूच्या बाजूने होता, समुद्र खवळलेला होता. पण हॅन्नोने धान्य उतरवून सिसिलीत लढणाऱ्या कार्थेजच्या सेनापती हॅमिल्कारचे कसलेले सैनिक जहाजांवर घेतले, तर पुढे निभाव लागणार नाही, हे ओळखून लुटाटियसने सिसिलीच्या पश्चिमेकडील एगादी बेटांपाशीच त्याला गाठले. कार्थेजची ५० जहाजे बुडाली, ७० हाती लागली.

त्या समुद्रतळावरून अलीकडे जहाजांच्या नाळेवर बसवलेली, धडक मारायची काशाची टोके वर काढली आहेत. काहींवर ती पारखून मंजूर करणाऱ्या क्वेस्टरचे, म्हणजे रोमच्या हिशेब-अधिकाऱ्याचे, नाव कोरलेले आहे. एकावर लुशियस क्विंक्टियस आहे. त्या टोकाचे छायाचित्र मी पुन्हा पुन्हा पाहतो. बावीसशे वर्षांपूर्वीचा माझ्याच धंद्यातला माणूस!

युद्ध संपवणाऱ्या तहात लुटाटियसने कार्थेजकडून २० वर्षांत २२०० टॅलेंट चांदी भरपाई घ्यायचे ठरवले. रोमच्या जनतेला ते पटले नाही. रक्कम १००० टॅलेंटने वाढली आणि मुदत १० वर्षांवर आली. कार्थेजने सिसिली सोडली, पण स्वतःच्या भाडोत्री सैनिकांचा पगार त्याला चुकता करता येईना. त्यांनी बंड केले, आणि ते मोडायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला.