नाईलकाठचे देव्हारे

प्राचीन इजिप्तचे नाव उच्चारताच पिरॅमिड, स्फिंक्स आणि कर्णाकचे प्रचंड स्तंभ डोळ्यांसमोर उभे राहतात. या दगडी वैभवाची छाप मनावर अशी काही बसते, की ते ज्यांच्या हातांनी उभे राहिले त्या माणसांनाही घरदार होते, त्यांच्याही घरी चूल पेटत होती आणि भिंतीतल्या कोनाड्यात एखादी देवता बसलेली होती, याचा सहसा विसरच पडतो. राजांचा इतिहास मंदिरांच्या भिंतींवर कोरलेला आहे. सामान्य माणसाचा इतिहास शोधायचा तर त्याच्या घरात जावे लागते. आणि इजिप्तच्या बाबतीत या घराचे दार अनपेक्षितपणे उघडे सापडले आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. इजिप्तमधील महामंदिर हे आजच्या अर्थाने लोकांचे प्रार्थनास्थान नव्हते. ते देवाचे निवासस्थान होते. रोज पहाटे अधिकारी पुरोहित गाभाऱ्याच्या दाराचे मोहोर लावलेले बंध तोडी, मूर्तीला स्नान घाली, वस्त्रे नेसवी, धूप दाखवी, अन्नपाणी ठेवी आणि परत फिरताना स्वतःच्या पावलांचे ठसेही झाडून पुसून टाकी. हे सर्व राजाच्या नावाने आणि विश्वाची घडी नीट राहावी म्हणून चाले. सामान्य माणसाला गाभाऱ्यात प्रवेश नसे. उत्सवाच्या दिवशी देवाची नौका पुरोहितांच्या खांद्यांवरून बाहेर निघाली, तरी मूर्ती पडद्याआडच राही. मग शेतकऱ्याचे मूल तापाने फणफणले, किंवा कारागिराची बायको बाळंतपणात अडली, तर त्यांनी दाद कोणाकडे मागावी? या प्रश्नाचे उत्तर देर एल-मदीना या गावाने दिले आहे.

लक्सोरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, उघड्याबोडक्या डोंगरांच्या कुशीत हे गाव वसले होते. राजांच्या दरीत थडगी खोदणारे पाथरवट, चित्रकार आणि लेखनिक येथे आपापल्या कुटुंबांसह राहत. गावकुसाच्या विटांवर पहिल्या थुतमोस राजाच्या नावाचे ठसे आढळले आहेत. म्हणजे ख्रिस्तपूर्व १५०० च्या सुमारास सुरू झालेली ही वस्ती पुढे चार शतकांहून अधिक काळ नांदती राहिली. बेर्नार बृयेर या फ्रेंच संशोधकाने १९२२ ते १९५१ या काळात येथे उत्खनन केले, तेव्हा भरभराटीच्या दिवसांतली तटाच्या आतील सुमारे ६८ घरे उजेडात आली. ती अरुंद, लांबट आणि एकमेकांना खेटून उभी होती. रस्त्यावरून आत शिरल्यावर एकामागे एक अशा चार खोल्या आणि शेवटी उघडे स्वयंपाकघर, अशी त्यांची साधारण ठेवण होती.

या घरांच्या पहिल्याच खोलीत बृयेर यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. २८ घरांत भिंतीला लागून मातीच्या विटांचा एक चौथरा बांधलेला होता. त्याची लांबी पावणेदोन मीटरांच्या आसपास, रुंदी आणि उंची प्रत्येकी पाऊण मीटरच्या जवळपास. वर चढण्यास दोनचार पायऱ्या आणि वर पातळ भिंतींचा आडोसा. विटा उन्हात वाळवलेल्या, त्यांवर मातीचा गिलावा आणि गिलाव्यावर पांढरी सफेदी. या सफेदीवर कोठे बेस हा बुटका, जीभ बाहेर काढलेला, सिंहासारखी आयाळ असलेला घररक्षक देव रंगविलेला होता, तर कोठे मांडीवर त्याच बेसचे चिन्ह गोंदलेली बासरीवाली. दिवसभर राजाच्या थडग्यात सोन्यारंगांचे काम करणारे हात घरी आल्यावर माती आणि चुना घेऊन हे काम करीत होते.

हा चौथरा कशासाठी? बृयेर यांनी तो बाळंतिणीचा पलंग असावा असे मानले. इतर संशोधकांनी आक्षेप घेतला, की एवढ्या अरुंद जागेत प्रसूती होणे कठीण. शिवाय नैवेद्याची पात्रे, मूर्ती आणि लहान शिलापट्ट यांचे अवशेष जवळपास मिळतात, तेव्हा ही घरातली वेदीच म्हटली पाहिजे. वाद अजून मिटलेला नाही. परंतु दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे. या जागेवरची चित्रे स्त्री, प्रसूती आणि तान्हे मूल यांभोवती फिरतात. घराची पवित्र जागा कोणत्या भयातून निर्माण झाली, ते या चित्रांवरून स्पष्ट होते.

ते भय काल्पनिक नव्हते. गावाच्या पूर्वेकडील टेकडीच्या पायथ्याशी जे दफनस्थान आहे, तेथे तान्ही मुले मातीच्या घड्यांत, टोपल्यांत आणि साध्या लाकडी पेट्यांत घालून पुरलेली सापडली. ज्यांचे आईबाप राजाच्या अमरत्वासाठी डोंगर पोखरीत होते, त्या मुलांच्या वाट्याला घरातले रोजच्या वापरातले भांडे आले.

म्हणूनच या घरांत तावेरेतचे महत्त्व. तिच्या नावाचा अर्थ ‘थोरली’. अंग पाणघोड्याचे, पोट गर्भवतीचे, पंजे सिंहाचे आणि पाठ मगरीची. सौंदर्याच्या कोणत्याही कसोटीला ती उतरणार नाही. परंतु पाणघोड्याची मादी आपल्या पिलासाठी किती उग्र होते, हे नाईलकाठच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. बाळंतिणीच्या उशाशी अशीच राखणदार हवी होती. त्या काळी स्त्रिया विटांवर उकिडव्या बसून प्रसूत होत. अशी एक रंगीत वीट २००१ साली आबिदोस येथील उत्खननात सापडली. ती सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची असून तिच्यावर नवजात मुलाला हाती घेतलेली माता आणि तिच्या दोहों बाजूंस हाथोर देवीची चिन्हे रंगविलेली आहेत. घरातली वेदी ज्या विटेची, प्रसूतीचा आधारही त्याच विटेचा.

या देवतांची देखभाल कोण करीत असे, याचाही अंदाज बांधता येतो. पुरुष कामाच्या दिवसांत डोंगरावरील झोपड्यांतच मुक्काम करीत आणि सुटीला घरी परतत. विवाहित स्त्रीला इजिप्तमध्ये ‘गृहस्वामिनी’ ही पदवी होती. पुरुषांच्या गैरहजेरीत घरातल्या देवतेला भाकरी, फुले आणि धूप वाहणे साहजिकच तिच्याकडे येई. पाण्याची गोष्ट तर विशेष सांगण्यासारखी. गावात विहीर नव्हती. सरकारी पाणके खालून पाणी आणून देत आणि ते मोजून मिळे. अशा गावात देवतेपुढे ओतलेली पाण्याची धार हा केवळ उपचार नव्हता. घासातला घास काढून देण्यासारखेच ते होते.

दुसऱ्या, उंच छताच्या खोलीत भिंतीत कोनाडे असत. तेथे मृत पूर्वजांचे छोटे अर्धपुतळे आणि शिलापट्ट ठेवीत. काही घरांत स्वयंपाकघराजवळच्या कोनाड्यात धान्याची राखण करणारी नागदेवता असे. रात्रीच्या भयावरही उपाय होता. त्या काळातील एका चुनखडीच्या चिपेवर लिहिलेल्या मंत्रविधीत असे सांगितले आहे, की शुद्ध मातीचे चार नाग करून, त्यांच्या मुखात ज्वाला ठेवून, माणसे झोपतात त्या खोलीच्या चार कोपऱ्यांत ते बसवावेत. मातीचे असे नाग उत्खननांत मिळालेही आहेत. पुरोहित नाही, सोने नाही, दगड नाही. मूठभर माती आणि ती घडविणाऱ्याचा विश्वास, एवढ्यावर हे सारे उभे होते.

परंतु घरगुती भक्ती म्हणजे केवळ भीतीवरचा तोडगा असे मानले, तर ती निम्मीच समजली. गावामागे पिरॅमिडच्या आकाराचे एक उंच शिखर आहे. त्यावर मेरेतसेगेर या नागरूपी देवीचा वास आहे, अशी गावकऱ्यांची श्रद्धा होती. तिच्या नावाचा अर्थ ‘मौन जिला प्रिय आहे ती’. दुसऱ्या रामसेसच्या काळातील नेफेराबू नावाच्या एका कारागिराने तिला अर्पण केलेला शिलापट्ट आज तुरीनच्या संग्रहालयात आहे. त्यात तो स्वतःची थोरवी गात नाही. आपण अज्ञानी होतो, बरेवाईट आपल्याला कळत नव्हते, या शिखराचा आपण अपराध केला आणि तिने शासन केले, असे तो उघड कबूल करतो. त्या आजारात श्वासही मिळेना, आपण प्रसूतीच्या विटांवर बसलेल्या स्त्रीसारखे झालो होतो, असे तो लिहितो. शेवटी देवी वळली, सुखद वाऱ्यासारखी आली आणि दुःखाचा विसर पडला.

ही उपमा विचार करण्यासारखी आहे. एका पुरुषाला आपल्या पराकोटीच्या वेदनेसाठी दुसरा शब्द सापडला नाही. घरातल्या स्त्रीचे जे दुःख त्याने पाहिले होते, तेच त्याच्या लेखणीवर आले. राजांच्या शिलालेखांत विजय असतात, बंदिवानांच्या रांगा असतात. चुकलो, असे म्हणणारा राजा तेथे भेटत नाही. माणसाच्या अंतःकरणाची ही भाषा एका कारागिराने दगडावर आणली.

या घरगुती श्रद्धेची कसोटीही इतिहासाने घेतली. ख्रिस्तपूर्व १३५० च्या सुमारास अखेनातेन राजाने आमोन देवाचे नाव पुसून टाकून आतेन या सूर्यबिंबाची एकमेव उपासना सुरू केली आणि अमार्ना येथे नवी राजधानी वसविली. घरातली उपासनाही मग राजाच्या रूपाने व्हावी, अशी योजना झाली. राजा, राणी नेफेर्तिती आणि त्यांच्या मुली सूर्यकिरणांखाली बसल्या आहेत, असे घरात पूजेसाठी ठेवण्याचे शिलापट्ट मिळाले आहेत. त्यांतील एक बर्लिनमध्ये आहे. परंतु त्याच अमार्नाच्या घरांतून बेस आणि तावेरेत यांच्या आकृतीही निघाल्या. राजाज्ञेने मंदिरांची दारे बंद झाली. बाळंतिणीच्या खोलीतून तावेरेतला बाहेर काढणे मात्र राजाज्ञेलाही साधले नाही. पुढे दोन दशकांच्या आत नवी राजधानी ओस पडली.

शतके लोटली. इजिप्तवर ग्रीकांचे आणि नंतर रोमनांचे राज्य आले. देवतांची नावे व रूपे बदलली. घरातील जागा मात्र तीच राहिली. फयूम प्रांतातील कारानिस या गावी, मिशिगन विद्यापीठाने १९२४ ते १९३५ या काळात केलेल्या उत्खननात, रोमन अमदानीतील एका घराच्या भिंतीवर बालकाला स्तनपान देणारी इसिस रंगविलेली आढळली. पुढे सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाच्या हुकुमाने फिले येथील इसिसचे मंदिर बंद झाले आणि एका प्राचीन धर्माचा अधिकृत शेवट झाला. देर एल-मदीनाच्या परिसरातील हाथोरच्या मंदिरात ख्रिस्ती साधूंनी मठ केला. त्या गावाचे आजचे अरबी नाव या मठावरूनच पडले आहे.

कर्णाकचे स्तंभ पाहण्यास आजही जगभरातून प्रवासी येतात आणि ते योग्यच आहे. परंतु नदी ओलांडून पलीकडे गेल्यास वाऱ्यापावसाने झिजलेल्या त्या विटांच्या चौथऱ्यांचे अवशेष दिसतात. त्यांवर राजाचे नाव नाही, विजयाची तारीख नाही. एका बाजूस राजांची थडगी, दुसऱ्या बाजूस मुलांची घडी पुरलेली टेकडी आणि मधोमध ही घरे, असा तो देखावा आहे. ज्या माणसांनी मृत राजासाठी सर्व काही केले, त्यांनी स्वतःसाठी देवतेकडे काय मागितले, ते या चौथऱ्यांवरून कळते. त्यांनी अमरत्व मागितले नाही. घरातले मूल सकाळी जागे व्हावे, एवढेच त्यांचे मागणे होते.